कीचक परत येतो तेव्हा

१

गेल्या शैक्षणिक वर्षात एम.ए. भाग दोनच्या एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी ‘लोकप्रिय चित्रकथांतील खलनायक : जोकरचे पुनरागमन’ हा विषय आमच्यापुढे ठेवला. जतसारख्या तालुक्याच्या गावी, मराठी विषयाच्या वर्गात, हा विषय अनपेक्षित होता. विभागात लगेच दोन तट पडले. ‘चित्रकथा हे साहित्यच नव्हे, मग त्यातल्या विदूषकावर प्रबंध कसला?’ असे एका बाजूचे म्हणणे. ‘नायक केव्हाच मेला, आजच्या काळाचा खरा नायक खलनायकच आहे, तेव्हा हाच एकमेव समकालीन विषय आहे’, असे दुसऱ्या बाजूचे. आम्ही विषय मंजूर केला. तो मंजूर करण्यात आमची चूक झाली असे आम्हांला आजही वाटत नाही.

यथावकाश बावीस पानांचे पहिले टिपण आले. मुलगा हुशार आहे, वाचणारा आहे. टिपणात जोकरचे हसू होते, व्यवस्थेचा मुखवटा फाडणारा त्याचा नकार होता, अराजकाचे तत्त्वज्ञान होते, नित्शे होता, फुको होता. टिपणाचे वाचन वर्गात झाले. ते संपल्यावर मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “त्या गोळी घातलेल्या पोरीचं पुढं काय झालं, सर?”

प्रश्न बार्बरा गॉर्डनविषयी होता. बावीस पानांत तिच्या वाट्याला सव्वा ओळ आली होती. विद्यार्थ्याला उत्तर देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हांलाही देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. तो आमच्या विद्यार्थ्याविरुद्ध नाही. ज्या समीक्षाव्यवहाराने त्याला बावीस पाने आणि सव्वा ओळ हे प्रमाण शिकवले, त्याविरुद्ध आहे. आणि त्या व्यवहारात आम्ही स्वतः वीस वर्षे सामील आहोत.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. खलनायक परत येतो याला आमचा आक्षेप नाही. तो क्रूर असतो यालाही नाही. तो परत येतो तेव्हा संहितेची आणि समीक्षकाची नजर कुणाकडे वळते, एवढाच आमचा प्रश्न आहे. क्रौर्य करणाऱ्याच्या चेहऱ्यावर ती खिळून राहत असेल आणि ज्याच्यावर क्रौर्य होते तो चौकटीबाहेर पडत असेल, तर त्याला ‘खोली’ म्हणण्याची आज पडलेली प्रथा आम्हांला मान्य नाही.

२

आधी जोकरचा इतिहास पाहू. कारण त्याच्यावर भाळणाऱ्यांना तो सहसा ठाऊक नसतो, आणि त्याला झिडकारणाऱ्यांनी तो कधी वाचलेलाच नसतो.

१९४० साली ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात जोकर अवतरला. बिल फिंगर, बॉब केन आणि जेरी रॉबिन्सन ही त्याच्या जन्माशी निगडित नावे. त्याच अंकाच्या शेवटी त्याला मारून टाकावे असा मूळ बेत होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना वाटले की असे पात्र वाया घालवू नये. म्हणून एक चौकट वाढवण्यात आली आणि जोकर जिवंत असल्याचे वाचकाला कळवण्यात आले. म्हणजे त्याचे पहिले पुनरागमन एका संपादकीय निर्णयाचे अपत्य आहे. ज्या पात्राच्या अमरत्वात आज अस्तित्ववादी अर्थ शोधला जातो, त्याचे मूळ छापखान्याच्या व्यवहारात आहे. व्यवहारातून आलेली गोष्ट कलेत रुजू शकत नाही असे नव्हे. पण ती कुठून आली हे समीक्षकाला माहीत असले पाहिजे.

त्याचा चेहरा कुठून आला हे तर याहून बोलके आहे. १९२८च्या ‘द मॅन हू लाफ्स’ या मूकपटातील कॉनराड फाइट या नटाच्या हसऱ्या मुद्रेवरून जोकरचे रूप सुचले. तो मूकपट व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९च्या कादंबरीवर बेतलेला. ह्यूगोचा ग्विनप्लेन हा खलनायक नाही. लहानपणी ज्याचा चेहरा कापून त्यावर कायमचे हसू कोरले गेले, असा तो एक बळी आहे. मनाने निर्मळ, आणि सरदारांच्या सभेत गरिबांची बाजू मांडताना त्या हसऱ्या चेहऱ्यामुळेच हास्यास्पद ठरलेला. बळीचा चेहरा काढून तो छळ करणाऱ्याला चढवायचा, ही या वंशावळीतील पहिली घटना आहे. जोकरवर लिहिणाऱ्या किती जणांना ती नोंदवावीशी वाटते?

१९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आले, त्याच वर्षी अमेरिकेतील चित्रकथा प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली, आणि खुनी जोकर खोड्या काढणारा विदूषक झाला. १९७३ साली डेनी ओनील आणि नील ॲडम्स यांनी ‘बॅटमॅन’च्या २५१व्या अंकात त्याला पुन्हा खुनी केले. १९८८मध्ये ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांचे ‘द किलिंग जोक’ आले. त्यात जोकर बार्बरा गॉर्डनला दारातच गोळी घालतो, तिच्या पाठीचा कणा निकामी होतो. तिच्या यातनांची छायाचित्रे तिच्या वडिलांना दाखवून त्यांना वेडे करायचे, हा त्याचा प्रयोग. त्याच वर्षी ‘अ डेथ इन द फॅमिली’मध्ये बॅटमॅनचा तरुण सहकारी जेसन टॉड जगावा की मरावा हे प्रकाशकांनी दूरध्वनीवरून वाचकांचे मत घेऊन ठरवले. मरावा म्हणणारी मते ५,३४३ आणि जगावा म्हणणारी ५,२७१. बहात्तर मतांनी मुलगा मेला.

मग २०११. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकात जोकर स्वतःच्या चेहऱ्याची कातडी दुसऱ्या एका खलनायकाकडून सोलवून घेतो आणि नाहीसा होतो. वर्षभराने, ऑक्टोबर २०१२मध्ये, स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो यांच्या ‘बॅटमॅन’च्या तेराव्या अंकात तो परत येतो तो तीच कुजू लागलेली कातडी पट्ट्यांनी चेहऱ्यावर बांधून. ‘डेथ ऑफ द फॅमिली’ नावाने गाजलेली ही मालिका २०१३च्या सुरुवातीला संपते. जोकर दरीत कोसळतो, देह सापडत नाही. २०१४मध्ये तो पुन्हा हजर.

हे सारे रेखाटनाच्या अंगाने प्रभावी आहे हे आम्ही नाकारत नाही. कपुलोच्या चौकटी पाहताना अंगावर काटा येतो. पण काटा येणे म्हणजे अर्थ कळणे नव्हे. आपल्या काव्यशास्त्राने बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा सांगितला आहे. या चित्रकथेत जुगुप्सेची जागा कुतूहलाने घेतली आहे : आता पुढे आणखी काय करील? पुढचा अंक खपतो तो या प्रश्नावर.

३

आता आमच्या मुलुखाकडे वळू. आमच्या विद्यार्थ्याला गॉथम नगरीचा नकाशा तोंडपाठ आहे, पण एस.टी.ने दोन-अडीच तासांवर असलेल्या सांगलीत खलनायकाचा केवढा मोठा विचार झाला आहे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. तो दोष त्याचा नाही.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ उभे केले. त्यामागे श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांची इच्छा होती, आणि त्या इच्छेमागे उत्तर कानड्यातील कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ. मराठी रंगभूमीवर जो राक्षस राळेच्या भगभगीत उजेडात आरोळ्या ठोकत आला, त्याची आई कानडी आहे. आमच्या तालुक्यातील गावांवर कुणाचा हक्क, हा वाद २०२२च्या अखेरीस दोन राज्यांत पुन्हा रंगला. राक्षसापुरता तरी हा हक्क दोन्ही भाषांचा सामाईक आहे. सीमेपलीकडच्या दोड्डाटातील राक्षस ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले गेले. राक्षसपार्टी, तिचा थयथयाट, तिच्या आरोळ्या यांना शहरी अभिरुची हसली. पण त्या राक्षसाची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो प्रत्येक खेळात मरे आणि दुसऱ्या खेळात परत येई. त्याच्या पुनरागमनाचे गूढ कुणालाच वाटत नसे. कारण त्यामागे एक कायदा होता. पुराणकथेतील दुष्टाचे परत येणे नेहमी कायद्याने बांधलेले असते. जयविजय शापाने तीनदा जन्मतात : हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र. तीनदाच, चौथ्यांदा नाही. शिशुपालाचे शंभर अपराध पोटात घातले जातात. पण कुणीतरी ते मोजत असते. रक्तबीजाच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवा रक्तबीज उठतो, पण तो थेंब जमिनीवर पडू न देण्याची युक्तीही त्याच कथेत असते. जोकरच्या अपराधांची मोजदाद कोण करते? त्याचे परत येणे कोणत्या शापाने, कोणत्या वराने मर्यादित आहे? त्याला बांधणारा कायदा एकच, आणि तो मालकीहक्काचा आहे.

आमच्या पिढीने रद्दीच्या दुकानांतून मिळवून वाचलेल्या इंद्रजाल चित्रकथांची आठवण इथे होते. १९६४पासून १९९०पर्यंत निघालेल्या या मालिकेत ली फॉकचा फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला होता. तो अमर असल्याचे जंगलातील लोक मानत. वाचकाला मात्र ठाऊक असे की बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. परत येण्याचा अधिकार तिथे नायकाला होता, आणि त्याची किंमत एकेका पिढीने आयुष्य देऊन मोजलेली असे. खलनायकाला फुकट मिळालेल्या अमरत्वाशी हे ताडून पाहावे.

पण खरा मुद्दा कीचकाचा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. १९०७ साली त्यांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले आणि महाभारतातील एक लंपट, क्रूर सेनापती परत आला. या वेळी लॉर्ड कर्झनच्या छायेत. सैरंध्री ही पारतंत्र्यातील भूमी, युधिष्ठिर हा मवाळांचा संयम, भीम हा जहालांचा संताप, हे प्रेक्षकांना कुणी फोड करून सांगावे लागले नाही. सरकारलाही लागले नाही. १९१० साली नाटकावर बंदी आली. खलनायकाच्या पुनरागमनाने एका साम्राज्याला अस्वस्थ केले, याचे याहून ठळक उदाहरण मराठीत नाही. पुढे १९२० साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, तेव्हा भीमाने कीचकाला मारण्याचे दृश्य इतके उग्र झाले की त्याला सेन्सॉरची कात्री लागली.

कीचक परत आला, आणि त्याच्या परत येण्याला अर्थ लाभला. कशामुळे? तो किती रंगतदार दुष्ट आहे यामुळे नव्हे. प्रेक्षक सैरंध्रीच्या जागी उभा होता यामुळे. कर्झन हा कीचक आहे हे कळण्यासाठी आधी आपण सैरंध्री आहोत हे कळावे लागते. महाभारताने ही जागा आधीच आखून ठेवली आहे. विराटाच्या भरसभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो, आणि त्यानंतर त्या सभेत जे बोलणे होते ते मुख्यतः तिचे आहे. राजाला, सभासदांना, द्यूत खेळणारांना ती जाब विचारते. कीचकाच्या मनात काय चालले आहे हा तिथे दुय्यम प्रश्न. सभा गप्प का, हा मुख्य प्रश्न. आणि व्यास तेवढ्यावर थांबत नाहीत. कीचक मेल्यावर त्याचे भाऊबंद, ते उपकीचक, सैरंध्रीलाच प्रेताबरोबर बांधून जाळायला नेतात. दुष्ट मेला तरी दुष्टता घराण्यात, गोतावळ्यात, रिवाजात शिल्लक राहते, हे यापेक्षा निष्ठुरपणे कुठल्या आधुनिक चित्रकथेने सांगितले आहे? देह न सापडण्याच्या युक्तीपेक्षा उपकीचकांची यात्रा कितीतरी अधिक भयानक आहे, कारण ती खरी आहे.

४

आम्ही पुराणात रमलो आहोत असा आक्षेप यायच्या आत आधुनिकांकडे येऊ. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला १९७४चा ‘सामना’ घ्या. निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील हा मराठी पडद्यावरील सर्वांत संस्मरणीय खलपुरुषांपैकी एक. साखर कारखाना, सत्ता, दरारा, आदरातिथ्य, सारे काही त्याच्याकडे आहे. आमच्या जिल्ह्यातील प्रेक्षकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. फुल्यांनी तो असा उभा केला की त्याच्याशी बोलावे, त्याच्या माडीवर बसावे, असे वाटून जाते. तेव्हा खलनायक आकर्षक असू नये असे आम्ही म्हणत नाही; हिंदूराव आकर्षक आहेच.

पण चित्रपट संपल्यावर प्रेक्षक घरी काय घेऊन जातो? मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न. श्रीराम लागूंचा तो दारूडा मास्तर हा प्रश्न विचारत राहतो, आणि अखेरीस तो त्या गावाचा प्रश्न होतो. पन्नास वर्षे झाली. चित्रपट न पाहिलेल्या माणसालाही मारुती कांबळे हे नाव माहीत असते. बळीचे नाव भाषेत म्हणीसारखे रुजले. खलनायकाच्या रंगतीला एवढी जागा देऊनही कलाकृतीने आपले केंद्र ढळू दिले नाही. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलेला प्रश्न शब्दाशब्दाने तोच होता, आणि तिने ‘सामना’ पाहिलेला नव्हता.

इथे आमच्या स्वतःच्या घराकडेही बोट दाखवणे भाग आहे. तेंडुलकरांचेच ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली आले. सत्ता क्रौर्याला कसे जन्म देते, वापरते आणि गरज संपल्यावर जमावाच्या दगडांपुढे टाकते, हे दाखवणारे ते नाटक. घाशीराम मरतो आणि नाना उरतो. खलनायकाच्या परत येण्याची सोय म्हणजे काय, हे तिथे कळते : कोतवाल बदलेल, कोतवाली राहील. पण या नाटकावर मराठीत जो प्रचंड वाद झाला तो कशावर? नाना फडणविसांच्या प्रतिमेवर, एका जातीच्या अपमानावर, आणि नंतर रूपबंधावर, लोकनाट्याच्या घाटावर. गौरीवर किती पाने लिहिली गेली? बापाने कोतवालीच्या बदल्यात जिचा सौदा केला आणि जी त्या सौद्यात मेली, त्या मुलीविषयी आमच्या टिपणवह्यांत किती ओळी आहेत? आम्ही वीस वर्षे हे नाटक शिकवतो आहोत. आम्ही आमच्या वह्या काढून पाहिल्या. सव्वा ओळीहून फारसे अधिक काही सापडले नाही.

म्हणून हा दोष परदेशी चित्रकथेने आणला असे म्हणून सुटका नाही. चित्रकथा निदान काही वेळा स्वतःला उत्तर देते. बार्बरा गॉर्डनचे पुढे काय झाले? ‘द किलिंग जोक’ तिला रुग्णालयात सोडून निघून गेले. जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखक दांपत्याने १९८९पासून ‘सुइसाइड स्क्वॉड’ या वेगळ्याच मालिकेतून तिला परत आणले : चाकांच्या खुर्चीत बसून माहितीच्या जोरावर साऱ्या वीरांना वाट दाखवणारी ‘ओरॅकल’ म्हणून. मेलेला जेसन टॉड २००५मध्ये जड विनिक यांच्या कथेत परत येतो, आणि बॅटमॅनला विचारतो की तुझ्यामुळे मी मेलो याची तक्रार नाही. पण मला मारणारा अजून जिवंत कसा? बळी स्वतः परत येऊन जाब विचारतो, ही मालिकेतील खरी द्रौपदीची जागा. १९९९ साली गेल सिमोन यांनी चित्रकथांत केवळ नायकाच्या दुःखाची सोय म्हणून मारल्या गेलेल्या, अपंग केल्या गेलेल्या स्त्रीपात्रांची यादीच प्रसिद्ध केली. ही सामग्री उपलब्ध होती. आमच्या विद्यार्थ्याच्या टिपणात त्यातले काहीच नव्हते, कारण ‘खलनायकाचा अभ्यास’ म्हणजे खलनायकाकडे पाहणे अशी आम्हीच त्याची समजूत करून दिली होती.

इतकेच कशाला, ‘द किलिंग जोक’ तरी नीट वाचले जाते का? एक वाईट दिवस कुठल्याही भल्या माणसाला वेडा करू शकतो, हा जोकरचा सिद्धान्त सर्वांना पाठ असतो. तो त्याच पुस्तकात खोटा ठरतो हे कुणी सांगत नाही. मुलीची विटंबना पाहावी लागलेला कमिशनर गॉर्डन वेडा होत नाही. जोकरला कायद्याने पकडून आणा, असे तो बजावतो. आणि आपला पूर्वेतिहास आपल्याला दर वेळी वेगळा आठवतो, अशी कबुली जोकर स्वतःच देतो. तेव्हा ज्या दुःखी भूतकाळावर त्याच्याविषयीची सारी सहानुभूती उभी आहे, तो भूतकाळच बेभरवशाचा. खलनायकाच्या भाषणाला लेखकाचे तत्त्वज्ञान समजणे ही वाचनाची प्राथमिक चूक आहे. बारावीच्या मुलाने केली तर आम्ही गुण कापतो. परिसंवादात केली तर टाळ्या पडतात.

५

आता आक्षेप.

पहिला आक्षेप प्रतिष्ठितांचा : हे साहित्य नव्हे, त्याची दखलच नको. बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांना मराठी समीक्षेने हेच सांगितले. परिणाम एवढाच झाला की लोक वाचत राहिले आणि समीक्षा त्या वाचनाविषयी मुकी राहिली. १९९३च्या ‘झपाटलेला’तील तात्या विंचू हा बाहुला एका अख्ख्या पिढीच्या स्वप्नांत येत होता, २०१३मध्ये तो त्रिमिती चित्रपटातून परत आला, त्याच्या भयात हसू कसे मिसळले आहे, ते हसू जोकरच्या हसण्याहून वेगळे का, यावर गंभीरपणे काही लिहावे असे आम्हांला तरी कुठे वाटले? ज्याचा अभ्यास आपण नाकारतो त्याचा अर्थ लावण्याचे काम जाहिरातदार करतात.

दुसरा आक्षेप : जगच क्रूर आहे, कलेने ते दाखवू नये काय? दाखवावे. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’इतके निर्दय लेखन मराठीत थोडे आहे. पण क्रौर्य दाखवणे आणि क्रौर्याची मौज दाखवणे यांत फरक आहे, आणि तो रक्ताच्या प्रमाणात नसून नजरेच्या दिशेत असतो. आमच्या वर्गातील निम्म्या मुली सीमेवरच्या खेड्यांतून रोज एस.टी.ने येतात. क्रौर्य हसत हसत येते, हे त्यांना जोकरकडून शिकावे लागत नाही. कुठल्याही बसस्थानकावर चार जण उभे असतात, एक जण काहीतरी बोलतो, बाकीचे हसतात. त्या हसण्यात व्यवस्थेचा मुखवटा फाडणारे काही असते असे त्या मुलींना वाटलेले नाही. ती व्यवस्थाच हसत असते. ‘त्या पोरीचं पुढं काय झालं’ हा प्रश्न त्या बाकावरून आला यात नवल नाही. तो व्यासपीठावरून कधी आला नाही, हे नवल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर : तुम्ही बंदीची भाषा बोलत आहात. मुळीच नाही. ‘कीचकवधा’वरील बंदीच्या गावचे आम्ही लोक, बंदी कुणाच्या सोयीची असते हे आम्हांला ठाऊक आहे. १९५४च्या आचारसंहितेने जोकरला विदूषक केले, म्हणून काही वाचकांची क्रौर्याविषयीची समज वाढली नाही. एकोणीस वर्षांनी तो तसाच परत आला. बंदी खलनायकाला झाकते आणि झाकलेला खलनायक अधिकच मोहक होतो. आमची मागणी नेमकी उलट आहे. त्याला वर्गात आणा. पण एकटा आणू नका.

चौथा आक्षेप आमच्याच मनातला. बळीकडे पाहा असे म्हणताना आपण साहित्याला सदाचाराच्या पाठात तर बदलत नाही ना? ही भीती खरी आहे. बळीला देव्हाऱ्यात बसवणारे लेखन बहुधा वाईट लेखन असते, आणि केवळ सोसणारी स्त्री ही खलनायकाइतकीच घिसीपिटी प्रतिमा आहे. पण द्रौपदी केवळ सोसत नाही, ती विचारते. ओरॅकल केवळ सोसत नाही, ती काम करते. बळीला प्रश्न विचारण्याची जागा देणे ही नीती जितकी आहे तितकीच ती रचनाही आहे : कथेत कुणाला बोलायला मिळते, कुठल्या चौकटीत कोण असते, कोणाचे नाव शेवटी उरते. हे प्रश्न घाटाचेच आहेत. ते समीक्षेचे नसतील तर समीक्षेचे काय उरले?

६

जोकरची भूमिका करणाऱ्या दोन नटांना, हीथ लेजर आणि वाकीन फीनिक्स यांना, अनुक्रमे २००९ आणि २०२० साली ऑस्कर मिळाले. दोघेही त्या सन्मानाला पात्र होते. नटाचे काम खलनायकाच्या कातडीत शिरण्याचे आहे. समीक्षकाचे काम ते नाही. निळू फुल्यांना पाहून बायाबापड्या बोटे मोडत, आणि ते स्वतः सेवादलाच्या मुशीतून आलेले, आयुष्यभर चळवळींशी बांधलेले होते. भूमिका उतरवून ठेवायची असते हे त्यांना ठाऊक होते. आमच्या परिसंवादांतील काही वक्त्यांना ती उतरवता येत नाही, अशी आमची तक्रार आहे.

आमच्या विद्यार्थ्याचे टिपण आम्ही नाकारले नाही. परत दिले, एका प्रश्नासह. आणि तो प्रश्न आमचा नसून त्याच्या वर्गभगिनीचा आहे, हे समासात लिहून दिले. दुसरा खर्डा आला आहे. तो चौतीस पानांचा आहे आणि त्यात जोकर अजूनही सतरा पाने व्यापून आहे. उरलेल्या पानांत बार्बरा आहे, जेसन आहे, ग्विनप्लेन आहे, आणि शेवटच्या प्रकरणात, आम्ही न सुचवता, सैरंध्री आली आहे. काही वाक्ये अडखळतात, नित्शे अजून अधूनमधून डोकावतो. पण आता ते वाचन आहे.

येत्या सत्रात आम्ही ‘कीचकवध’ आणि ‘द किलिंग जोक’ एकाच आठवड्यात शिकवणार आहोत. ‘घाशीराम’च्या टिपणवह्या नव्याने लिहायला घेतल्या आहेत, पहिले पान गौरीचे आहे. ज्या अध्यापक मित्रांना हे सारे अतिरेकी वाटेल त्यांनी अवश्य प्रतिवाद करावा, त्याचे स्वागत आहे. फक्त एक विनंती : लिहायला बसण्यापूर्वी आपापल्या वह्या काढून, त्यात गौरीवर किती ओळी आहेत, हे मोजून घ्यावे.